बसक्या गाडीतली डोली

विश्वास देवस्थळींना गाडी बुटकी करायची नव्हती. त्यांना टायर बदलायचे होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे चंदिगडच्या सेक्टर अडतीसमध्ये "देवस्थळींना या वयात शौक जडला" असं जे बोललं गेलं, ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. शौक जडावा असा त्यांचा पिंडच नाही. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संशोधन संस्थेत ते उपकरण विभाग सांभाळतात. म्हणजे तिथली यंत्रं बरोबर मोजतात की नाही, हे विश्वासराव मोजतात. असा माणूस घरीसुद्धा चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घेतो.

तर टायर गुळगुळीत झाले होते म्हणून ते मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये गेले. तिथे बंटी नावाच्या दुकानदाराकडे भिंतीला टेकून रुंद, चकचकीत चाकांचा एक संच उभा होता. झिरकपूरच्या कोणा मुलाने तो हौसेने मागवला होता आणि वडिलांना कळल्यावर तितक्याच तातडीने परत पाठवला होता. "सर जी, लगा के तो देखो. पसंद नहीं आया तो उतार देंगे," बंटी म्हणाला. साडीच्या दुकानात नुसतं खांद्यावर टाकून बघायला सांगतात, त्यातलाच हा प्रकार होता. पण साडीच्या दुकानात विश्वासराव नेहमी बाहेरच्या बाकावर बसत आलेले असल्यामुळे त्यांना तो ओळखता आला नाही.

चाकं बसली. विश्वासराव दोन पावलं मागे सरले आणि आपल्या तेरा वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीकडे बघतच राहिले. चंदिगडात माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीकडे बघतात. लाइट पॉइंटला, म्हणजे सिग्नलला, शेजारी गाडी थांबली की आधी चाकं, मग बॉनेट, आणि वेळ उरलाच तर आतला माणूस, असा क्रम असतो. विश्वासरावांच्या बाबतीत चाकांवरूनच नजर परत जायची, त्यामुळे त्यांच्यापर्यंत इतक्या वर्षांत कोणी पोचलंच नव्हतं. त्या दिवशी परत येताना ट्रिब्यून चौकात एका तरुणाने काच खाली करून शाबासकीचा अंगठा दाखवला. विश्वासरावांनी आधी मागे वळून पाहिलं, मग त्यालाच अंगठा दाखवला आणि घरापर्यंत हसत आले.

"टायर आणायला गेला होतात ना?" चारुशीलाबाईंनी दारातूनच विचारलं.

"टायर आहेतच की त्यात."

"आणि मधलं ते लखलखतंय ते?"

"टायर ज्याच्यावर बसवतात, ते."

चारुशीलाबाईंनी आत जाऊन चहाचं भांडं ओट्यावर आपटलं. त्या मूळच्या चिपळूणच्या. त्यांचं न बोलणं ऐकू येतं.

खरा घोळ घातला तो शेजारच्या गिलसाहेबांनी. गुरमेजसिंग गिल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हात पाठीमागे बांधून कुठल्याही वस्तूभोवती एक फेरी मारायची आणि मग मत द्यायचं, ही त्यांची खात्यापासूनची पद्धत. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. "विश्वास जी, बुरा मत मानना. पहिये शानदार हैं. पर गड्डी ऐसी लग रही है जैसे पजामा ऊंचा सिल गया हो."

आता हे एकदा ऐकल्यावर दुसरं काही दिसेना. रुंद चाकं खाली आणि त्यांच्यावर हा एवढा मोकळा घोटा. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला तो पजामा दिसायला लागला आणि प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, चाकं काढून टाका. समोरच्या मल्होत्राबाई म्हणाल्या, गाडीचं तोंड उत्तरेला ठेवा. महाराष्ट्र मंडळातले निवृत्त विंग कमांडर गुरुनाथ पेंडसे फोनवर म्हणाले, "अरे, गाडी खाली घे. वजन जितकं जमिनीजवळ तितकी स्थिरता. साधं विज्ञान आहे." विज्ञानाचं नाव निघालं आणि विश्वासरावांचा नाइलाज झाला. बंटीने स्प्रिंगा बदलल्या, गाडी चांगली चार बोटं खाली बसली आणि पजामा एकदम बेतशीर झाला. मांजर उडी मारण्याआधी दबते तशी ती दिसायला लागली. फक्त दुकानातून बाहेर पडताना वळणावर मागून 'खर्रर्र' असा एक आवाज आला. नव्या वस्तूला थोडा आवाज असतोच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आणि त्याच संध्याकाळी सिमरत आली.

सिमरत ही गिलांची मुलगी. नववीपासून बारावीपर्यंत देवस्थळींच्या व्हरांड्यात बसून ती फिजिक्स शिकली, आता बंगळुरात इंजिनिअर होती आणि लग्नासाठी घरी आली होती. फाटकातच थांबून तिने गाडी पाहिली, उकिडवं बसून पाहिली, मग आत येऊन जाहीर केलं, "अंकल, मेरी डोली इसी में जाएगी."

मागोमाग आलेले गिलसाहेब गडबडले. लुधियानाचे मामा, बलकारसिंग, स्वतःची भलीमोठी परदेशी गाडी डोलीसाठी घेऊन येणार हे कधीच ठरलं होतं. "पुत्तर, मामा जी की गड्डी..."

"डॅडी, मामा जी की गड्डी में चढ़ने के लिए सीढ़ी लगती है. लहंगे में कौन चढ़ेगा? इसमें तो बस बैठ जाना है."

मग ती विश्वासरावांकडे वळून जरा हळू म्हणाली, "और चलाएंगे आप."

या गल्लीत विश्वासरावांकडे लोक पातळी मापक मागायला येत, थर्मामीटर मागायला येत, फ्रिजला किती व्होल्टेज लागतं ते विचारायला येत. पण मान म्हणून कोणी काही मागितलं नव्हतं, आणि देऊ तर मुळीच केलं नव्हतं. पंजाब्यांच्या घरातली डोली, म्हणजे नवरीची पाठवणी, ही घरच्यांनी, फार तर मामाने न्यायची गोष्ट. विश्वासराव उठून उभे राहिले. "जाएगी बेटा," ते म्हणाले. "पक्का." आणि चष्मा पुसायला आत गेले.

"शब्द दिलात खरा," रात्री जेवताना चारुशीलाबाई म्हणाल्या. "पण ती गाडी वळताना दात खाते, ते कोण बघणार?"

दात खात होती हे खरंच होतं. गाडी खाली आली आणि चाकं रुंद झाली, तेव्हा वळताना टायर मडगार्डच्या कमानीच्या आतल्या कडेला घासायचा. बंटीकडे यावर तयार उत्तर होतं. "कुछ नहीं जी. कमान की किनारी अंदर को मोड़ देंगे, थोड़ी बाहर को खींच देंगे. गाल फुला देंगे गड्डी के." हे काम तो बेसबॉलच्या बॅटने करत असे. आपल्याकडे बेसबॉल कोण खेळतं हे विश्वासरावांना आजवर कळलेलं नाही, पण बॅट मात्र इथल्या बऱ्याच गाड्यांच्या सीटखाली सापडते, आणि तिचा एवढा शांततामय उपयोग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. टायर आणि मडगार्डच्या मधे बॅट घालायची, एकाने गाडी हळूहळू पुढे ढकलायची. बॅट फिरत जाते तशी पत्र्याची कड आत मुडपत जाते आणि कमान जरा बाहेर येते. रंग तडकू नये म्हणून आधी पत्रा गरम हवेने शेकायचा. किती शेकायचा, असं विश्वासरावांनी विचारलं. "जब तक गरम न हो जाए," असं उत्तर मिळालं. त्यावर ते घरी जाऊन तापमान मोजायची बंदूक घेऊन आले आणि रजा टाकून दुकानात ठाण मांडून बसले. बंटीने त्यांना चहा दिला. गिऱ्हाईक हटेना की चहा द्यायचा, हा त्या बाजाराचा रिवाज आहे.

तीन कमानी अशा सुबक वळल्या की बंटीने स्वतः त्यांचे फोटो काढले. चौथ्या वेळी वीज गेली आणि शेकणं अर्ध्यावर राहिलं. "थोडा थांबू," असं विश्वासराव म्हणायच्या आत बंटीच्या अंगात उत्साह आला आणि बॅट फिरली. भाजताना पापडाला फोड यावा तसा रंग उचलला गेला, मग तडकला, मग विश्वासरावांच्या बुटावर पडला. रंगाऱ्याला बोलावलं. पांढरा म्हणजे पांढरा, असं त्याचं तत्त्व होतं. पण उन्हापावसाने गाडीचा पांढरा आता सायीकडे झुकला होता आणि रंगाऱ्याचा पांढरा नुकता दुकानातून आला होता. एक कमान रंगवली तर ती वेगळी दिसे, म्हणून चारही रंगवल्या, आणि मग चारही वेगळ्या दिसायला लागल्या. गिलसाहेबांनी फेरी मारली. "जैसे किसी बुजुर्ग ने नए दांत लगवा लिए हों," असं त्यांचं मत पडलं. मग दारं रंगवली. दारं झाल्यावर बॉनेट बिचारं आजारी वाटायला लागलं. शेवटी सगळी गाडीच रंगली आणि जुनी म्हणावी अशी फक्त नंबर प्लेट उरली.

"लग्न गिलांकडे आहे की आपल्याकडे?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

यानंतर विश्वासरावांनी मोजमाप घेतलं, आणि ते कसं घेतलं हे सांगायलाच हवं, कारण असं मोजमाप त्या गाडीचं कारखान्यातही झालं नसेल. संस्थेतल्या सपाट फरशीवर त्यांनी गाडी उभी केली. हवा चारही टायरांत सारखी भरली. जॅक, पाने, छत्री, मागच्या काचेजवळचा टिश्यूचा डबा, इतकंच काय पायाखालच्या चटयासुद्धा काढून बाहेर ठेवल्या. मोजमापात बाहेरचं वजन नको. मग टायर आणि कमान यांतलं अंतर त्यांनी कॅलिपरने सगळीकडून घेतलं. कुठेही, कसंही वळवा, टायर मोकळा. त्यानंतर सुखना तलावापर्यंत एकटेच जाऊन आले. मागून चकार आवाज नाही. चारुशीलाबाईंना त्यांनी खूप आग्रह केला, पण त्या बसल्या नाहीत. "बसायचं काय, बसेन. उठवायला माणूस कुठला आणायचा?" त्या म्हणाल्या आणि आपल्या स्कूटरवरून भाजीला गेल्या.

इथे दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण गाडीच्या मूळ रूपात फरक केला तर सरकारला कळवलं पाहिजे, असं विश्वासरावांच्या मनाने घेतलं. चंदिगडात गाड्या बसक्या करणारे पुष्कळ असतील. ती बसकी केली हे आपणहून सांगायला कचेरीत जाणारा दुसरा कोणी असल्याचं ऐकिवात नाही. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"चालान हुआ है?"

"नहीं जी."

"किसी ने शिकायत की?"

"नहीं."

"एक्सीडेंट?"

"नहीं, नहीं. मैंने बस गाल थोड़े... मतलब मडगार्ड चौड़े किए हैं. अठारह मिलीमीटर. हर साइड."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तो फिर आप आए क्यों हैं?" त्याने मनापासून विचारलं. शेजारच्या खिडकीतला कारकूनही काम थांबवून ऐकायला लागला. रंग बदलला तर रकाना होता, इंजिन बदललं तर रकाना होता. गाल फुगले तर कुठे लिहायचं, यावर दोघांची चर्चा झाली, मग तिसऱ्याला बोलावलं. विश्वासराव या खिडकीवरून त्या खिडकीवर, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर फिरत राहिले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना "वही मडगार्ड वाले?" असं विचारून पुढे पाठवण्यात आलं. शेवटी एक अधिकारी स्वतः खाली उतरले. त्यांनी चाक गाडीच्या अंगाबाहेर येत नाही ना ते पाहिलं, कमानीवरून हात फिरवला, जरा जास्त वेळच फिरवला, आणि अर्जावर लिहिलं, 'देखा.' खाली सही केली. एवढ्या एका शब्दाला कायद्यात काय किंमत आहे हे कोणालाच सांगता येईना. विश्वासरावांनी तो कागद लॅमिनेट करून गाडीत ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी लुधियानाचे बलकारमामा आले. त्यांची गाडी गल्लीत शिरली तेव्हा मल्होत्राबाईंच्या आंब्याच्या फांद्या तिच्या टपाला घासल्या. मामा खाली उतरले, विश्वासरावांच्या गाडीसमोर उभे राहिले आणि अंगाने जमेल तितके वाकले. "इसके नीचे से तो कीड़ी भी सिर झुका के निकलेगी," ते म्हणाले. सगळे हसले. विश्वासरावही हसले, पण ते त्यांना लागलं. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "फिकर ना करो जी. मेरी गड्डी पीछे लगी रहेगी. जरूरत पड़ गई तो." त्या रात्री विश्वासरावांनी झोपण्याआधी एकदा खाली जाऊन चारही कमानींवरून हात फिरवला. माझ्याच गाडीतून ती जाणार, असं ते गाडीलाच बजावत होते.

सकाळी गुरुद्वाऱ्यात लग्न लागलं. दुपारी गिलांच्या घरून डोली निघायची होती. गिलसाहेबांनी स्वतःच्या हाताने विश्वासरावांना गुलाबी पगडी बांधली. चारुशीलाबाई पैठणी नेसून आल्या होत्या, त्यांनी पगडीकडे पाहिलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "बरे दिसता." गाडी झेंडूने आणि गुलाबाने मढवली होती. गल्लीतली झाडून सगळी माणसं उभी होती. विश्वासरावांनी आरसा नीट केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आयुष्यात इतकं ताठ ते कधी बसले नव्हते.

मग माणसं बसायला लागली. पुढे नवऱ्याकडचे फुफड बसले. फुफड म्हणजे आत्याचे यजमान, त्यांना पुढची जागा लागतेच, आणि या फुफडांना ती पुरी पुरली नाही. मागे सिमरत बसली, तिच्यासोबत तिचा लेहंगा बसला, जो एका माणसाहून कमी नव्हता. नवरदेव हरमन कॉलेजात कबड्डी खेळलेला. तो बसला आणि विश्वासरावांच्या कमरेला कळलं की गाडी मागून खाली गेली. त्याची बहीण बसली. इतक्यात डिकी उघडली आणि सिमरतच्या आईने पिन्नीच्या लाडवांचे डबे भरायला घेतले. तूप, मेवा आणि आईचं मन, तिन्ही वस्तू वजनदार. डिकी बंद झाली तशी गाडीने एक सुस्कारा टाकला आणि कमान टायरवर जाऊन टेकली.

सगळ्या मोजमापांत गाडी रिकामी होती. डोलीची गाडी रिकामी जात नाही.

विश्वासरावांनी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला. मागून असा काही आवाज आला की बँडवाल्याने क्लॅरिनेट तोंडातून काढून तिच्याकडेच संशयाने पाहिलं. रबर जळल्याचा वास आला. विश्वासरावांनी पाय काढला. आता उतरून सगळ्यांसमोर सांगायचं, की बेटा, तू मामांच्या गाडीत बस. हे वाक्य त्यांनी मनात हिंदीत जुळवून पाहिलं, पण ते पुरं होईना. मागे मामांच्या गाडीचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं.

मागच्या सीटवर सिमरत रडत होती. ती मधेच थांबली. तिने कान दिला, नाक पुसलं आणि पुढे वाकून हळूच विचारलं, "अंकल, टायर लग रहा है?"

"हो गं," विश्वासराव मराठीतच म्हणाले.

"पीछे के दोनों?"

"दोन्ही."

पंजाब्यांत डोली निघते तेव्हा मुलीचे भाऊ गाडीला मागून धक्का देतात. दोन पावलं नुसता हात लावायचा, बहिणीला आपल्या हाताने रवाना केल्यासारखं. तेवढ्यासाठी सिमरतचे सख्खे, चुलत, मामे असे सगळे भाऊ डोळे पुसत गाडीमागे गोळा झालेच होते. सिमरतने काच खाली केली आणि चुड्याला लोंबणाऱ्या मोत्याच्या कलिऱ्यांचा हात बाहेर काढला. "वीर जी, ऐसे नहीं. हाथ नीचे डालो. उठा के."

थोरला भाऊ गोंधळला. "उठा के?"

"पहले डोली उठाते नहीं थे?" ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. या वेळचं रडणं खरं होतं की इंजिनिअरिंगचं, हे विश्वासरावांना अजून ठरवता आलेलं नाही.

भावाचा चेहरा बदलला. त्याने मागच्यांना काहीतरी सांगितलं. त्यांत खरड गावाकडचे शेती करणारे चुलतभाऊ होते. त्यांनी बंपरखाली हात घातले, दोघांनी मडगार्डच्या फुगवलेल्या कमानी धरल्या, आणि गाडीची मागची बाजू वर आली. टायर सुटला. विश्वासरावांनी पाय ठेवला आणि गाडी आवाज न करता पुढे सरकली. भाऊ ती तोलून धरत मागून चालू लागले.

दारात खुर्चीवर बसलेली सिमरतची आजी, बीजी, काठीवर उठून उभी राहिली. "मेरी डोली चार कहारां ने चुक्की सी," ती म्हणाली. "उसदे बाद अज्ज वेखी." म्हणजे तिची डोली उचलून नेली होती, आणि त्यानंतर उचललेली डोली ती आज पाहत होती. ती रडली, मग गिलसाहेब रडले, मल्होत्राबाई रडल्या, चारुशीलाबाईंनी पैठणीच्या पदराने डोळे टिपले. बलकारमामा गाडीतून उतरले. बीजीकडे त्यांनी एकदा पाहिलं, बाह्या सावरल्या, एका भावाला बाजूला सारलं आणि स्वतः हात घातला. सगळ्यात मोठ्याने तेच रडत होते.

गल्लीच्या टोकाला, बागेच्या वळणाआड, भावांनी गाडी खाली ठेवली. सासरचं मुल्लानपूर अजून लांब होतं. विश्वासराव कपाळ पुसत सिमरतकडे बघायला लागले, पण तिचं सगळं आधीच ठरलं होतं. "फुफड जी, मामा जी इतनी बड़ी गड्डी में अकेले आएंगे. अच्छा नहीं लगता. दीदी, आप भी." पिन्नीचे डबेही मामांना सोबत म्हणून गेले. उरला नवरदेव. "हरमन, तुम भी," ती म्हणाली. त्याने बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि काही न विचारता उतरला. संसार चांगला होणार, असं विश्वासरावांना तेव्हाच वाटलं.

मग रस्त्याने दोघंच. मागून चकार आवाज नाही. सिमरत म्हणाली, "अंकल, आपने खाली गड्डी नापी थी ना?"

"हो."

"चटाइयां भी निकाली होंगी."

विश्वासरावांनी मान डोलावली. ती हसली, हसता हसता डोळे पुसले. "किसी को नहीं बताऊंगी." तिला शिकवलेलं सगळं आज एका मिनिटात वसूल झालं, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःच्या चुकीपेक्षा तिच्या हुशारीचाच अभिमान जास्त वाटला. त्यांनी पगडी सरळ केली आणि चौथा गियर टाकला.

मुल्लानपूरला हरमनचं घर जुन्या वस्तीत होतं. दोन्ही अंगांना नव्या इमारतींच्या परांच्या उभ्या राहिलेल्या. विश्वासरावांनी लांबूनच पाहिलं, फाटकासमोर सगळा रस्ता माणसांनी भरला होता. त्यांनी वेग कमी केला. नवरदेव मागच्या गाडीत का, हे आता विचारणार. पण गल्लीतल्या कोणीतरी काढलेला डोली उचलतानाचा व्हिडिओ त्यांच्या आधी तिथे पोचला होता. मामांची गाडी मागून येऊन थांबली आणि मामा उतरताच गर्जले, "पीछे हटो जी, ए उठाण वाली गड्डी ए. मैं खुद हथ लाया सी."

हरमनचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, पुढे आले. उंचेपुरे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी खिडकीतून विश्वासरावांना हात जोडले. "सर जी, लड़की वालों ने उठा के भेजी है," ते म्हणाले. "हम क्या चला के अंदर ले जाएंगे?"

"नहीं नहीं, अब चलेगी," विश्वासराव म्हणाले. "अब बिलकुल ठीक चलती है." पण ऐकायला कोणी जागेवर नव्हतं. वीसेक माणसं चारही बाजूंनी वाकली. त्यांनी चारही कमानी धरल्या. बॅटने मुडपलेली आतली कड हाताला कुठे बोचत नव्हती, जणू धरण्यासाठीच केलेली. "वाहेगुरू" म्हणून सगळ्यांनी जोर लावला आणि गाडी, सिमरत, झेंडू, 'देखा' लिहिलेला कागद आणि गुलाबी पगडीतले विश्वास देवस्थळी, सगळं मिळून जमिनीवरून वर उठलं.

दारात सासूबाई तेल आणि पाण्याचा गडवा घेऊन उभ्या होत्या. गच्चीवरून फुलं पडत होती. विश्वासरावांचं चारपैकी एकही चाक जमिनीला लागलेलं नव्हतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर जिथल्या तिथे होते, आणि गाडी फाटकातून आत वळायला लागली तसा त्यांनी रीतसर उजवीकडचा इंडिकेटर दिला.